मुंबईत पारंपरिक ओकिनावन कराटेचा वर्ग कसा वाढवावा आणि त्याला मान्यता कशी मिळवावी

मुंबईत कराटेचा क्लास सुरू करणे अवघड नाही. गृहनिर्माण संस्थेचे सभागृह किंवा गच्ची, आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळ, पंधरा-वीस मुले आणि दर काही महिन्यांनी होणारी बेल्टची परीक्षा एवढ्या भांडवलावर शहरभर असे क्लास चालतात. अवघड आहे ते ओकिनावाच्या, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील बेटांच्या, जुन्या पद्धतीचा वर्ग टिकवून वाढवणे. या पद्धतीत काता (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचे संच) मोजकेच असतात, ते वर्षानुवर्षे घोटावे लागतात आणि प्रगती डोळ्यांना चटकन दिसत नाही, त्यातच शेजारच्या इमारतीतला क्लास दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट देत असतो आणि आपल्या वर्गातले पालक दाराशी थांबून "सर, आमच्या मुलाला पुढचा बेल्ट कधी?" असे विचारत असतात. ज्या शिक्षकांनी गोजू-र्‍यू, शोरिन-र्‍यू, उएची-र्‍यू किंवा ओकिनावातील अन्य एखादी परंपरा स्वतः नीट शिकली आहे आणि ती पातळ न करता पुढे न्यायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

वाढ कशी होते हे ओकिनावाच्या इतिहासातूनच शिकता येते. एकोणिसाव्या शतकात ही विद्या शुरी, नाहा आणि तोमारी या भागांत निवडक शिष्यांना, बहुतेक वेळा चारभिंतींच्या आत शिकवली जात असे. इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती शुरीतील शाळेत आणली आणि १९०८ साली प्रांताच्या शिक्षण खात्याला लिहिलेल्या पत्रात दहा मुद्दे मांडून शेवटी असे सुचवले की, शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयातील विद्यार्थ्यांना कराटे शिकवले तर ते जिथे जिथे शाळेत नोकरीला लागतील तिथे तिथे ते शिकवतील आणि दहा वर्षांच्या आत ही विद्या देशभर पोचेल. १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवून जपानच्या मुख्य बेटांवर कराटेचा पाया घालणारे फुनाकोशी गिचिन हे इतोसू यांचे शिष्य आणि पेशाने शाळाशिक्षक होते. म्हणजे इतोसूंनी आधी शिक्षकांचा विचार केला होता, विद्यार्थिसंख्या त्यामागून आली. मुंबईतल्या वर्गाने नेमके हेच करावे असे माझे मत आहे आणि पुढचे बहुतेक सल्ले या एका मतातून निघालेले आहेत.

आधी गुरुपरंपरा स्पष्ट करावी

मान्यता मागण्यापूर्वी आपण कोणत्या परंपरेसाठी ती मागतो आहोत हे कागदावर नोंदवलेले असावे. एका पानावर आपली गुरुपरंपरा लिहून काढावी: आपण कोणाकडे, कोणत्या काळात, काय शिकलो, आपले शिक्षक कोणाकडे शिकले, आणि ही साखळी ओकिनावातील कोणत्या डोजोपर्यंत (कराटेच्या सरावस्थानापर्यंत) पोचते. गोजू-र्‍यू शिकवणाऱ्याची साखळी हिगाओन्ना कान्र्‍यो (१८५३–१९१५) आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांच्यापर्यंत गेली पाहिजे. उएची-र्‍यूची साखळी चीनमधील फूचौ येथे शिकून आलेल्या उएची कान्बुन (१८७७–१९४८) यांच्यापर्यंत, तर कोबायाशी शोरिन-र्‍यूची चिबाना चोशिन (१८८५–१९६९) यांच्यापर्यंत जाते. नागामिने शोशिन यांनी १९४७ साली नाव दिलेली मात्सुबायाशी-र्‍यू ही शोरिन-र्‍यूचीच वेगळी शाखा आहे, त्यामुळे केवळ "शोरिन-र्‍यू" एवढे लिहून भागत नाही.

ही साखळी मध्येच तुटत असेल तर ती तुटते असेच लिहावे. आपल्याकडे अनेक शिक्षकांचे शिक्षण मिश्र असते. सुरुवात शोतोकान या जपानी शैलीने, मधली काही वर्षे स्पर्धेतल्या कुमितेची (लढतीची) आणि नंतर एखाद्या शिबिरात भेटलेल्या ओकिनावन शिक्षकांकडून घेतलेले काही काता. यात लपवण्यासारखे काही नाही. पत्रकावर मात्र "अस्सल ओकिनावन" असे छापले आणि ओकिनावातून आलेल्या पहिल्याच पाहुण्यासमोर सान्चिन या श्वासावर भर देणाऱ्या कातातला श्वास चुकला, तर जे नाव मिळवायला दहा वर्षे लागली ते त्या एका संध्याकाळी जाते.

ओकिनावाशी संबंध जोडण्यासाठी आज पूर्वीइतकी धडपड करावी लागत नाही. तिथल्या प्रमुख संघटनांना एकत्र आणणारी पारंपरिक कराटेची संवर्धन संस्था २००८ साली स्थापन झाली, आणि मार्च २०१७ मध्ये नाहाजवळच्या तोमिगुसुकु येथे प्रांत सरकारने ओकिनावा कराटे काइकान हे केंद्र उघडले. त्यात सरावाची मोठी जागा, पारंपरिक धाटणीचा स्वतंत्र डोजो आणि संग्रहालय आहे. तिथल्या माहिती केंद्रामार्फत परदेशी विद्यार्थ्यांना योग्य डोजोची ओळख करून दिली जाते. त्यांना पत्र लिहिताना वरील एका पानाची गुरुपरंपरा जोडावी, आपल्याला कोणती शैली किती दिवस शिकायची आहे हे सांगावे आणि इंग्रजी साधे ठेवावे. मुंबईहून नाहाला थेट विमान नाही, वाटेत कुठेतरी विमान बदलावे लागते, म्हणून प्रवासाचे दोन दिवस हिशेबात धरून किमान दोन आठवड्यांची रजा घेता आली तरच जाण्यात अर्थ आहे.

पहिल्या भेटीत दान (ब्लॅक बेल्टची श्रेणी) परीक्षेचा विषय स्वतःहून काढू नये. पांढरा बेल्ट बांधून मागच्या रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी आणि जे दुरुस्त केले जाईल ते रोज रात्री वहीत उतरवावे. संलग्नता मिळाली तर तिच्या अटी लेखी घ्याव्यात: परीक्षा घेण्याचा अधिकार कोणत्या श्रेणीपर्यंत आहे, डोजोचे बोधचिन्ह कुठे वापरता येईल, वार्षिक शुल्क किती आणि शिक्षक वारले किंवा संघटना दुभंगली तर आपले स्थान काय राहील. हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो का विचारावा हे लेखाच्या शेवटी दिसेल.

अभ्यासक्रम, साधने आणि बेल्ट

लहान मुलांसाठी परंपरा सोपी करावी लागते आणि तसे करण्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही, कारण ओकिनावाच्या आचार्यांनी ते काम करून ठेवलेले आहे. इतोसू यांनी शाळकरी मुलांसाठी पिनान हे पाच काता बांधले. १९४० च्या आसपास नागामिने शोशिन यांनी फुक्यूगाता इची आणि मियागी चोजुन यांनी गेकिसाई हे प्राथमिक काता रचले, ते अशाच प्रसारासाठी. तेव्हा मुंबईतल्या शिक्षकाने मुलांसाठी स्वतःचे नवे काता रचण्याच्या भानगडीत पडू नये. गोजू-र्‍यूचा वर्ग असेल तर पहिली दोन-तीन वर्षे गेकिसाईचे दोन्ही काता, मूलभूत हालचाली, जोडीने करायचे ठरावीक सराव आणि पडण्याचे तंत्र एवढ्यावर मुलांना गुंतवून ठेवता येते. त्यानंतर सैफा, आणि सेयुन्चिन पौगंडावस्थेत. सुपारिन्पेई हा प्रगत काता दहा वर्षांच्या मुलाकडून स्पर्धेसाठी पाठ करून घेणारे शिक्षक या शहरात आहेत. त्या मुलाने पदक आणले तरी तो काता त्याला आला असे मी म्हणणार नाही.

इतोसूंच्या पत्रातला एक मुद्दा असा आहे की काताचा सराव करताना त्यातील प्रत्येक हालचाल कशासाठी आहे हे ठरवून ती करावी. वर्गात हे प्रत्यक्ष आणायचे असेल तर काता शिकवल्याच्या दिवशीच त्यातील एक तरी हालचाल जोडीदाराच्या मनगटावर, खांद्यावर करून दाखवावी. यामुळे प्रौढ विद्यार्थी टिकतात. मुंबईत नोकरी करून, लोकलच्या गर्दीतून उतरून साडेआठला वर्गात येणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला हवेत ठोसे मारण्यात फार काळ रस वाटत नाही. पण पकडलेला हात सोडवण्याची आणि तोल घालवण्याची युक्ती काताच्या पोटातच होती हे उमगले की तो पावसाळ्यातही वर्ग चुकवत नाही. पारंपरिक डोजोची ओळख अखेर अशा प्रौढांवरून ठरते, आणि शाळकरी मुलांच्याच जोरावर चाललेला वर्ग दहावीच्या परीक्षेच्या मोसमात अर्धा रिकामा होतो.

साधनांसह करायचा सराव, ज्याला होजो उंदो म्हणतात, तो गच्चीवरच्या वर्गात जागेअभावी पहिल्यांदा गळतो. तो गळू देऊ नये. आपल्या व्यायामशाळांमध्ये मुद्गल आणि करेल जे काम करतात तेच काम चीइशी हे दांड्याला बसवलेले वजन करते, त्यामुळे दादर-परळच्या जुन्या व्यायामशाळेत वाढलेल्या पालकांना हे साधन समजावून सांगावे लागत नाही. चीइशी घरच्या घरी तयार होते: पत्र्याच्या डब्यात सिमेंट-खडी ओतून मध्ये लाकडी दांडा उभा करायचा, दांड्याच्या बुडाशी आडवे खिळे मारायचे म्हणजे तो निसटत नाही, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मुलांच्या हाती हे साधन देऊ नये आणि प्रौढांनाही सुरुवातीला हलके द्यावे, कारण मनगट आणि कोपर दुखावण्याची शक्यता खरी आहे. बोटांच्या पकडीसाठी वापरतात ते निगिरी-गामे, म्हणजे जाड काठाचे मातीचे घडे, धारावीच्या कुंभारवाड्यात माप देऊन घडवून घेता येतात. काठ बोटांच्या पेरांना अडकेल एवढा बाहेर आलेला हवा, हे चित्र काढून सांगावे. माकीवारा, म्हणजे ठोसे मारण्याचा खांब, मात्र जमिनीत पुरता येत नसेल तर भिंतीवर बसवण्यापूर्वी शेजाऱ्यांना विचारावे. रोज पहाटे सहा वाजता भिंतीवर होणाऱ्या ठकठकीने सभागृहाची परवानगी जाऊ शकते.

बेल्टच्या बाबतीत पालकांशी पहिल्याच दिवशी बोलावे, आणि वर्गाच्या माहितीपत्रकात ते छापूनही ठेवावे. रंगीत पट्टे आणि दान श्रेणी ही कराटेची मूळ गोष्ट नव्हे. ही पद्धत कानो जिगोरो यांच्या ज्युदोकडून आली, कराटेतील पहिल्या दान श्रेणी फुनाकोशी यांनी १९२४ साली दिल्या आणि मियागी चोजुन यांनी आपल्या शिष्यांना दान श्रेणी दिल्याच नाहीत. हे सांगितल्यावर सगळे पालक समाधानी होतात असे नाही. काही जण मुलाला दुसऱ्या क्लासला घालतात आणि त्यांना अडवू नये. परंतु जे राहतात त्यांच्यासाठी प्रत्येक परीक्षेच्या अटी भिंतीवर लावाव्यात, नापास होणे शक्य आहे हे आधी सांगावे, परीक्षेचे शुल्क मासिक शुल्कापेक्षा फार मोठे ठेवू नये आणि नापास झालेल्याकडून पुढच्या वेळी ते पुन्हा घेऊ नये. परीक्षेच्या शुल्कावर ज्या वर्गाचे भाडे निघते त्या वर्गाला कोणालाही नापास करणे परवडत नाही, हे साधे अर्थकारण आहे.

शाखा केव्हा उघडावी

वर्गाला बरे दिवस आले की बोरिवलीतून, ठाण्यातून, नवी मुंबईतून विचारणा होऊ लागते. अशा वेळी जागा मिळते आहे म्हणून शाखा उघडू नये. शिकवणारा तयार झाला आहे म्हणून उघडावी. तयार होणे म्हणजे काय, याची माझी कसोटी अशी आहे की त्याने किंवा तिने मुख्य वर्गात किमान तीन वर्षे नवशिक्यांची तुकडी स्वतंत्रपणे सांभाळलेली असावी, त्यातले निम्मे तरी पुढच्या वर्षी टिकलेले असावेत, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले असावे आणि मुख्य शिक्षक समोर नसताना काता बदलत नाही याची खात्री पटलेली असावी. तपकिरी बेल्टच्या दोन मुलांना पन्नास जणांच्या तुकडीवर सोडून मुख्य शिक्षक महिन्यातून एकदा तोंड दाखवतो, ही मुंबईतली सर्रास दिसणारी रीत आहे. संख्या अशा रीतीने झपाट्याने वाढते खरी, पण तीन वर्षांनी तीन शाखांत तीन वेगळे गेकिसाई दिसू लागतात.

शिक्षक घडवण्यासाठी महिन्यातून एक रविवार राखून ठेवावा. त्या दिवशी विद्यार्थी नकोत; सगळे शाखाशिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन रांगेत उभे राहतील, एकमेकांचे काता तपासतील आणि महिनाभरात कोणाला काय दुखापत झाली, कोणता पालक का नाराज झाला, याची नोंद वाचली जाईल. शिक्षकांना मानधन द्यावे. "सेवा म्हणून शिकव" असे म्हणून तरुण शिक्षकाला फुकट राबवणाऱ्या संस्था त्याच तरुणाने वेगळा क्लास काढला की त्याला कृतघ्न म्हणतात. निदान एक तरी शिक्षिका घडवावी, आणि ती केवळ मुलींच्या तुकडीपुरती नसावी.

छोट्या परंपरेला मोठी ओळख कशी मिळते याचे अलीकडच्या काळातले उत्तम उदाहरण र्‍यूएई-र्‍यूचे आहे. ही शैली नाकाइमा घराण्यात पिढ्यान् पिढ्या घरातल्या घरातच राखलेली होती. त्याच घराण्यातील नाकाइमा केन्को यांनी ती बाहेरच्यांना शिकवायला सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांचे शिष्य साकुमोतो त्सुगुओ १९८४, १९८६ आणि १९८८ असे तीन वेळा काता प्रकारात विश्वविजेते झाले. साकुमोतो यांचे शिष्य कियुना र्‍यो चार वेळा विश्वविजेते ठरले आणि ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत याच घराण्याचा ओहान दाई हा काता सादर करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ओकिनावाच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले सुवर्ण होते. यातला घेण्याजोगा भाग पदकाच्या आधीचा आहे. एका घराण्याने गुप्तता सोडली, एका शिष्याने काता जसाच्या तसा उचलला, त्याने दशकानुदशके शिकवले आणि पुढच्या पिढीतून कियुना निघाले. याच वाटेने अनान हा या घराण्याचा काता आज जगभरच्या स्पर्धांत सादर होतो. शाखांची संख्या या कथेत कुठेच येत नाही.

नोंदणी, सुरक्षितता आणि सरकारदरबारची मान्यता

वर्गाचा व्याप एका माणसाच्या खिशात मावेनासा झाला की त्याला संस्थेचे रूप द्यावे. महाराष्ट्रात प्रचलित मार्ग म्हणजे किमान सात सदस्य जमवून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि त्याबरोबरच १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करणे. मुंबईतले धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय वरळीला आहे. सात जणांत सगळे नातेवाईक घेऊ नयेत. एक हिशेब समजणारा, एक डॉक्टर, एक पालक आणि दोन ज्येष्ठ विद्यार्थी असतील तर बैठक घेण्यात काही अर्थ राहतो. दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, आणि विश्वस्त बदलला की त्याचा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. हा अर्ज द्यायचे राहून गेल्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचेच विश्वस्त अजून कागदावर असलेल्या संस्था मुंबईत पैशाला पासरी आहेत. डोजोचे नाव आणि स्वतःचे बोधचिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येते, मात्र ओकिनावातील मुख्य डोजोचे चिन्ह आपल्या नावावर नोंदवण्याचा विचारही करू नये.

मुलांच्या सुरक्षिततेची लेखी नियमावली ही माझ्या मते नोंदणी प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक शिक्षकाची पोलीस चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. कोणतेही मूल एकट्या शिक्षकाबरोबर बंद खोलीत थांबणार नाही, काताची ठेवण सुधारताना हात लावण्यापूर्वी विचारले जाईल, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर शिक्षिका किंवा आई असेल आणि तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव फलकावर असेल, हे नियम पालकांना प्रवेशाच्या वेळीच द्यावेत. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे, हे प्रत्येक शाखाशिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

क्रीडा क्षेत्रातली मान्यता ही ओकिनावाच्या संलग्नतेहून सर्वस्वी वेगळी बाब आहे आणि दोन्हींची गल्लत झाली की पालकांची फसवणूक होते. राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर घेते. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन स्वतंत्र जिल्हे असून मुलाने शाळेमार्फत, शाळा ज्या जिल्ह्यात आहे तिथून खेळायचे असते. दहावी-बारावीतील क्रीडागुणांची सवलत आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण अशाच मान्यताप्राप्त स्पर्धांना लागू होते. "आंतरराष्ट्रीय" नावाची खासगी स्पर्धा, ज्यात शुल्क भरणारा प्रत्येक जण पदक घेऊन घरी जातो, तिला हे लाभ मिळत नाहीत. देशपातळीवरच्या कराटे संघटनांच्या मान्यतेवरून गेल्या काही वर्षांत बरेच वाद झाले आहेत, त्यामुळे दरवर्षी मोसमापूर्वी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची आणि जागतिक कराटे महासंघाची यादी तपासावी, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात खात्री करून घ्यावी आणि मगच पालकांना सांगावे. माहितीपत्रकात "ऑलिंपिक खेळ" असे छापणेही आता थांबवावे. कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच, टोकियोला होता. पॅरिसमध्ये नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत मात्र तो १९९४ पासून आहे, हे सांगायला हरकत नाही.

पारंपरिक वर्गाने स्पर्धेत उतरावे का, यावर ओकिनावातही एकमत नाही. जागतिक महासंघाच्या यादीतील १०२ काता प्रकारांत ओकिनावन परंपरेचे अनेक काता आहेत, त्यामुळे आपलाच काता घेऊन उतरता येते. ज्यांना उतरायचे त्यांना जाऊ द्यावे, परंतु स्पर्धेसाठी लागणारी नाट्यमय ठेवण आणि डोजोतला काता यांत फरक पडू लागला की तो विद्यार्थ्याला दाखवून द्यावा.

लोकांसमोर येताना

ओकिनावा प्रांताच्या विधिमंडळाने २००५ साली २५ ऑक्टोबर हा कराटे दिन म्हणून घोषित केला, तो १९३६ साली त्या दिवशी नाहामध्ये झालेल्या आचार्यांच्या ऐतिहासिक बैठकीच्या स्मरणार्थ. त्या सुमारास नाहाच्या कोकुसाई-दोरी या हमरस्त्यावर वेगवेगळ्या शैलींचे लोक एकत्र काता करतात. २०१६ साली ३,९७३ जणांनी एकाच वेळी फुक्यूगाता इची सादर करून विश्वविक्रम केला. मुंबईतल्या पारंपरिक वर्गांनी हा दिवस उचलावा अशी माझी सूचना आहे. अनेकदा तो दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येतो आणि फुक्यूगाता इची हा काता कोणत्याही शैलीचा विद्यार्थी थोड्या सरावाने शिकू शकतो. एकट्याने भव्य कार्यक्रम करण्यापेक्षा दादर, पार्ले, मुलुंड येथील चार वर्गांनी मिळून केलेले तासाभराचे प्रात्यक्षिक लोकांच्या अधिक लक्षात राहील. मैदानासाठी महापालिकेची आणि आवश्यक तिथे पोलिसांची परवानगी आधी काढावी. शिवाजी पार्क शांतता क्षेत्र आहे, तिथे ध्वनिवर्धकाचा विचार करू नये. काताला तसाही त्याचा काही उपयोग नसतो.

गणेशोत्सव मंडळे प्रात्यक्षिकासाठी हौसेने बोलावतात. बोलावणे स्वीकारावे, पण कौले फोडणे, आगीच्या रिंगणातून उडी, पोटावरून मोटारसायकल असल्या मागण्यांना नम्रपणे नकार द्यावा. त्याऐवजी एका मुलीने सेयुन्चिन करावा, निवेदकाने त्यातल्या तीन हालचाली मराठीत समजावून सांगाव्यात आणि त्या तीन हालचाली लगेच जोडीने करून दाखवाव्यात. दहा मिनिटे पुरतात. शाळा-महाविद्यालयांतली स्वसंरक्षण शिबिरे हाही लोकांपर्यंत पोचण्याचा चांगला मार्ग आहे, मात्र दहा दिवसांत कोणी स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ होते असा दावा करू नये. ओरडणे, पळणे आणि मदत मागणे यांचा सराव करून घ्यावा आणि पुढचे काम वर्गातच होते हे सांगावे.

वृत्तपत्राला टिपण पाठवताना ते मराठीत आणि दोनशे शब्दांत बसवावे. काय झाले, कुठे, किती जणांनी भाग घेतला आणि ही परंपरा कोणती, एवढे पुरे. विशेषणे बातमीदार कापतोच. छायाचित्र एकच पण स्पष्ट असावे, आणि मुलांच्या छायाचित्रासाठी पालकांची लेखी संमती असावी. मुंबईतील जपानच्या महावाणिज्य दूतावासालाही आपल्या वार्षिक कार्यक्रमाची माहिती पाठवत राहावे. पहिल्या वर्षी उत्तर आले नाही तरी चालेल. जपानी सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी ज्या नावांची विचारणा होते, त्यांत आपले नाव अशा सातत्यानेच पोचते.

सर्वांत शेवटी करायचे, पण लवकर करायचे एक काम राहते. मियागी चोजुन १९५३ साली उत्तराधिकारी जाहीर न करता वारले आणि यागी मेइतोकू, मियाझातो एइइची, तोगुची सेइकिची अशा त्यांच्या शिष्यांचे डोजो स्वतंत्र वाटांनी गेले. गोजू-र्‍यू टिकली आणि पसरली, पण एक मुख्य पीठ तिला उरले नाही. मुंबईतल्या लहान संस्थेला एवढी फाटाफूट झेपत नाही. म्हणून मुख्य शिक्षक हिंडते-फिरते असतानाच दोन स्वतंत्र कागद तयार करावेत. पहिल्यावर शिकवण्याचा आणि परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाकडे जाईल हे असावे आणि त्यावर ओकिनावातील मुख्य डोजोची संमती घ्यावी. दुसरा विश्वस्त मंडळाचा ठराव असावा, ज्यात बँकेचे खाते, जागेचा करार, साधने, दान नोंदवही आणि संकेतस्थळाचे परवलीचे शब्द कोणाच्या ताब्यात जातील हे लिहिलेले असावे. दोन्ही कागदांवर वेगवेगळ्या व्यक्तींची नावे असू शकतात, आणि बहुतेक वेळा तशी असलेलीच बरी, कारण चांगला काता शिकवणाऱ्याला बदल अर्ज भरता येतोच असे नाही.